चौथ्या महिन्यातली केसगळती

यंदाच्या पावसाळ्यात, रोवणीची कामे उरकत आली असताना, लाखनी तालुक्यातल्या एका खेड्यातून एक तरुणी तपासणीसाठी आली होती. कडेवर साडेचार महिन्यांचे बाळ, सोबत सासूबाई. खुर्चीवर बसल्यावर तिने पिशवीतून एक पारदर्शक थैली काढली आणि टेबलावर ठेवली. थैलीत केस होते. फणीतले, न्हाणीघरातले, उशीवरचे. रोज सकाळी वेचून आठ दिवस साठवलेले. "इतके गेले," एवढेच ती म्हणाली. पुढचे सगळे सासूबाईंनी सांगितले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वाचकहो, थैलीतल्या केसांपेक्षा त्यानंतर जे ऐकले त्याने मला अधिक काळजीत टाकले. शेजारच्या कुणीतरी सांगितले होते की अंगावर पाजल्याने आईचे सत्त्व बाळात उतरते आणि म्हणून केस झडतात. ते ऐकून तिने दहा दिवसांपूर्वी बाळाचे पाजणे जवळजवळ थांबवले होते. बाळाला बाटलीने पाण्यात कालवलेले वरचे दूध सुरू झाले होते, आणि बाळाला तीन दिवसांपासून जुलाब होत होते. शिवाय केस गळतात म्हणून डोक्याला पाणी लावणे बंद, आणि बाळंतिणीने खाऊ नये म्हणून डाळ, पालेभाजी व फळे तर पहिल्यापासूनच बंद. केस वाचवण्याच्या धडपडीत बाळ आजारी पडले होते आणि आई उपाशी राहत होती.

अशी थैली, रुमालाची पुरचुंडी किंवा वर्तमानपत्रात गुंडाळलेला केसांचा पुंजका माझ्यापुढे दरवर्षी अनेकदा उघडला जातो. तो उघडणारी प्रत्येक जण मनातून एकच प्रश्न विचारत असते: मला टक्कल पडणार का? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा निःसंदिग्धपणे ‘नाही’ असे देता येते. पण नुसते ‘नाही’ म्हटल्याने कुणाचे समाधान होत नाही. असे का घडते हे समजल्यावरच भीती उतरते. म्हणून आजच्या लेखात आधी केसांचा हिशेब मांडते.

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे स्वतंत्र आयुष्य असते. साधारण दोन ते सहा वर्षे तो वाढतो, महिन्याला जवळपास एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आवरती होते आणि पुढचे सुमारे तीन महिने तो मुळाशी नुसता टेकून विश्रांती घेतो. त्यानंतर खालून नवा केस येऊ लागतो आणि जुना गळून पडतो. कोणत्याही दिवशी डोक्यावरचे साधारण दहा टक्के केस या विश्रांतीत असतात. म्हणजे दहा हजार केस शंभर दिवसांत गळायचे, दिवसाला शंभरेक. हे गळणे आपल्या नजरेत भरत नाही, कारण सगळे केस एकाच वेळी उगवलेले नसतात. डोके म्हणजे परसबाग आहे. एक वेल फळाला आलेला, दुसरा फुलावर, तिसऱ्याचे नुकतेच बी रुजलेले. रोज थोडे तोडले तरी बाग हिरवीच दिसते.

गर्भारपणात या परसबागेची धानाची बांधी होते. शरीरातील इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांचे प्रमाण खूप वाढते आणि त्यांच्या प्रभावाने, ज्या केसांनी विश्रांतीला जायचे तेही वाढीच्याच अवस्थेत थांबून राहतात. म्हणूनच सातव्या-आठव्या महिन्यात अनेकींची वेणी आयुष्यात कधी नव्हती इतकी दाट होते. ओटीभरणाच्या दिवशी आत्याबाई, मावशी सगळ्या जणी कौतुकाने हात फिरवतात ती हीच वेणी. बाळंतपण होताच संप्रेरकांची पातळी काही दिवसांत झपाट्याने उतरते. थांबून राहिलेले सगळे केस मग एकदम विश्रांतीत जातात. पेरा एकाच वेळी झालेला असला की कापणीही एकाच वेळी येते. विश्रांतीचे तीन महिने मोजा, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस ओंजळीने का येतात ते कळेल. समजा, या काळात तीस टक्के केस विश्रांतीत गेले, तर दिवसाला तीनशे केस गळणे हे निव्वळ गणित झाले. त्यात कुणाची दृष्ट लागलेली नसते आणि बाळाने काही ओढून घेतलेले नसते.

अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकारच्या केसगळतीचे शास्त्रीय वर्णन करून तिला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ हे नाव दिले. नाव अवघड असले तरी त्यांचे निरीक्षण फार उपयोगाचे आहे. केस आज गळत असतील तर कारण आजचे नसते, ते दोन ते चार महिने मागे शोधायचे असते. बाळंतपण, मोठा ताप, शस्त्रक्रिया, बराच रक्तस्राव, कडक उपास, जबर मानसिक आघात. शरीराला बसलेला धक्का डोक्यावर उमटायला एवढा वेळ लागतो. करोनाच्या २०२१ मधील दुसऱ्या लाटेनंतर काही महिन्यांनी केसांच्या तक्रारींची जी रीघ लागली, तिचे कारणही हेच होते. तुम्हीही आधी कॅलेंडर मागे उलटावे आणि मग शाम्पूची बाटली बदलावी. बहुतेक घरांत याच्या नेमके उलटे होते.

गळलेला केस हातात घेऊन पाहा. त्याच्या टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसतो. तो पाहून पुष्कळ स्त्रिया घाबरतात. ‘मुळासकट आला, आता तिथे पुन्हा उगवणार नाही’ असे त्यांना वाटते. खरे तर हा ठिपका म्हणजे विश्रांती पूर्ण करून गळलेल्या केसाची खूण. केसाचे खरे मूळ, ज्यातून नवा केस येतो, ते त्वचेच्या आत सुरक्षित असते. ठिपका दिसणे हे त्यामुळे शुभ लक्षण समजावे. ही गळती चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असते, सहाव्या महिन्यानंतर ओसरू लागते आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आसपास बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. काहींना आणखी दोन-तीन महिने लागतात. मध्यंतरी कपाळालगत आखूड, ताठ केसांची झालर दिसू लागते. तिला तुटलेले केस समजून तेलाने चापून बसवू नका. ती नव्या पिकाची लोंबी आहे.

स्तनपानाचा या गळतीशी संबंध नाही, हे इथे ठळकपणे सांगायला हवे. जी आई अंगावर पाजत नाही तिचेही केस याच महिन्यांत, याच रीतीने गळतात. उलट पाजणे थांबवल्याने बाळाचे नुकसान होते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला पाण्याचीही गरज नसते. त्या तरुणीला मी पहिली गोष्ट सांगितली ती हीच, आणि दुसरी गोष्ट जुलाबासाठी क्षारसंजीवनी व झिंकच्या गोळ्यांची. केसांचा विषय आम्ही त्यानंतर काढला.

आता वाचक विचारतील, सगळे आपोआप बरे होणार असेल तर दवाखान्यात यायचेच कशाला? यायचे याचसाठी की आपोआप बरी होणारी गळती आणि आतल्या एखाद्या उणिवेमुळे लांबलेली गळती यांत फरक करता यावा. आपल्या भागात ती उणीव बहुधा रक्ताची असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गर्भवती स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. ज्या शरीराला हृदय, स्नायू आणि मेंदूला पुरेल इतके लोहही मिळत नाही, ते केसांसाठी कुठून आणणार? लोहाचा साठा संपत आला की केसांची वाढ मंदावते, मग बाळंतपणाची गळती वर्ष उलटले तरी थांबत नाही. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर शक्य असेल तर फेरिटिनही तपासावे. हिमोग्लोबिन जेमतेम बरे दिसत असूनही कोठार रिकामे असू शकते.

लोह व फॉलिक आम्लाची गोळी गर्भारपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते. ती आरोग्य उपकेंद्रात मोफत मिळते. पहिल्या भागाचे पालन बऱ्यापैकी होते, दुसऱ्याचे फारच थोड्या घरांत. बाळ हातात आले की आईच्या गोळ्या फळीवरच्या डब्यात राहतात, आणि गळती सुरू होते ती नेमकी याच काळात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहातील द्रव्ये लोह अडवतात. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. लिंबू, आवळा, पेरू सोबत असेल तर लोह अधिक शोषले जाते. शौचास काळसर झाली म्हणून घाबरू नये.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या आरोग्यविषयक लेखांत तुम्हाला सहसा आढळणार नाही. आपल्याकडे सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. फिकटपणा दिसला की लोहाचे औषध सुरू, हा सरधोपट मार्ग इथे पुरेसा नाही. सिकलसेलचा प्रत्यक्ष आजार असलेल्या स्त्रीच्या अंगात रक्तपेशी लवकर फुटल्याने रक्त कमी असते, आणि वारंवार रक्त दिले गेले असेल तर लोह कमी नसून उलट जास्तही असू शकते. तिला लोह द्यायचे की नाही हे फेरिटिन पाहूनच ठरवावे लागते. फॉलिक आम्ल मात्र चालू ठेवायचे असते. केवळ वाहक असलेल्या स्त्रीला गरज असेल तर लोह घेण्यास हरकत नाही. आधी विद्राव्यता चाचणी आणि ती होकारार्थी आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, एवढ्यावर याचा निर्णय होतो. आई वाहक निघाली तर वडिलांचीही तपासणी झालीच पाहिजे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. केसांच्या तक्रारीसाठी आलेल्या स्त्रीला मी हे सगळे का सांगते, असा प्रश्न सासूबाईंनी त्या दिवशी विचारलाच. रक्ताची नळी तीच असते, हे माझे उत्तर.

थायरॉईड हे दुसरे कारण. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथीला सूज येते. आधी काही आठवडे छातीत धडधड, घाम, चिडचिड. मग चौथ्या ते आठव्या महिन्यात थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे, अंग जड वाटणे. घरात याला ‘बाळंतपण मानवले नाही’ असे म्हणतात आणि सोडून देतात. टीएसएचची एक तपासणी पुरते. मात्र केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या काही दिवस थांबवून मगच रक्त द्यावे आणि डॉक्टरांना तसे सांगावे. मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉईडच्या चाचण्यांचे आकडे फसवे येऊ शकतात. बायोटिनची कमतरता मुळात क्वचित आढळते. ती नसताना या गोळ्यांनी केस वाढतात याला भक्कम आधार नाही.

गोळ्यांचा विषय निघाला आहे तर बुलढाण्याची गोष्ट सांगणे भाग आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड या व आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. पहिल्या दिवशी डोके खाजायचे, दोन-तीन दिवसांत केस नुसते ओढले तरी हातात यायचे आणि आठवडाभरात टक्कल. पुरुष, स्त्रिया, शाळा-महाविद्यालयांतल्या मुली, कुणी सुटले नाही. पुढील काही आठवड्यांत पावणेतीनशेच्या आसपास लोकांची नोंद झाली. पाण्यावर संशय आला, बुरशीवर आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक गावांत जाऊन नमुने घेऊन आले. विंचूदंशावरील उपचारांसाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही या गावांत जाऊन रुग्ण तपासले आणि रेशनच्या गव्हातील सेलेनियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवले. बाधितांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले आढळल्याचे त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. झिंक मात्र घटलेले होते.

त्या हिवाळ्यात आमच्याकडच्या अनेक बाळंतिणींनी मला विचारले, ‘डॉक्टर, हे बुलढाण्याचे तर नाही?’ नाही. तिथले केस तीन-चार दिवसांत गेले आणि घरातल्या, आळीतल्या अनेकांचे एकाच वेळी गेले. तुमचे केस आठवड्यांमागून आठवडे विरळ होत आहेत, आणि घरात फक्त तुमचेच. या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत. बुलढाण्यातून आपण घ्यायचे ते निराळेच. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात लागते, केसांच्या कित्येक ‘टॉनिक’ गोळ्यांत ते मुद्दाम घातलेले असते, आणि अधिक झाले की हेच द्रव्य केस घालवते. जीवनसत्त्व ‘अ’चेही तसेच, त्याचा अतिरेक केस गाळतो आणि गर्भारपणात घेतला तर गर्भात व्यंग निर्माण करू शकतो. दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकदम घेणाऱ्या भगिनींनी पाकिटांच्या मागची बारीक अक्षरे एकदा जुळवून पाहावीत. मिनॉक्सिडिल गर्भारपणात वापरायचे नसते आणि अंगावर पाजत असताना सल्ल्याशिवाय लावायचे नसते. फिनास्टेराइडची फुटलेली किंवा कुटलेली गोळी तर गर्भवतीने हाताळूही नये. घरातील पुरुष ती घेत असतील तर हे ध्यानात ठेवावे.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण आपल्या झाडीपट्टीत काय खावे हे शिकवण्याची गरज नाही. खाऊ देण्याची गरज आहे. बोडीतले ताजे मासे, अंडी, डाळी, जवसाची चटणी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातली तरोट्याची कोवळी भाजी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, हे सगळे गावातच आहे. केस प्रथिनांचे बनलेले असतात. सव्वा महिना नुसता भात आणि तूप खाऊन बाळंतिणीचे केस, रक्त आणि दूध तिन्ही चालावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या हिशेबाने करतो? बाळाचे पोट दुखेल म्हणून आईची डाळ बंद करण्याचे कारण नाही, आणि तिचे पाणी तर मुळीच तोडू नये. आठवड्यातून दोन-तीनदा केस धुवावेत; धुताना जे येतात ते आधीच सुटलेले असतात. तेल हलक्या हाताने लावावे. खोबरेल तेलाने केसांच्या दांड्याचे रक्षण होते, मुळाशी नवे केस मात्र त्याने उगवत नाहीत. ओढून बांधलेला अंबाडा काही महिने टाळावा.

गळणाऱ्या केसांपासून एक धोका मात्र खराच असतो, आणि तो बाळाला. आईचा लांब केस बाळाच्या पायाच्या बोटाला, हाताच्या बोटाला किंवा मुलगा असल्यास लिंगाला गुंडाळला जातो, न्हाऊ घालताना ओला होतो, वाळला की आवळतो. बोट सुजते, लाल-निळे पडते. बाळ रडते, घरचे पोटदुखी समजून ओवा-हिंग लावत बसतात. कारण न कळता बाळ सतत रडत असेल तर त्याचे मोजे, टोपडे, लंगोट सगळे काढून एकेक बोट उजेडात पाहा. केस सहज निघाला नाही तर ओढाताण न करता लगेच दवाखान्यात या; उशीर झाला तर बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. मोजे घालण्याआधी उलटे करून झटकण्याची सवय लावा.

आता त्या तरुणीकडे परत येते. तपासणी चालू असताना मी तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सासूबाई देत होत्या. झोप लागते का? ‘लागते नं.’ जेवण जाते का? ‘जाते.’ मग मी सासूबाईंना बाळाचे वजन करायला परिचारिकेबरोबर पाठवले. दार लोटले गेल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर हळूच म्हणाली, "केस असेच गेले तर हे मले वागवतील का?" त्या एका वाक्यात कितीतरी गोष्टी होत्या. पहिली मुलगी झाल्याचा घरातला अबोला. रात्री चार-पाच वेळा उठणे. रोवणीला न गेल्याने बुडालेल्या मजुरीचे टोमणे. आणि या सगळ्यांत, आरशासमोर उभे राहिल्यावर रोज थोडे थोडे कमी होत जाणारे स्वतःचे रूप.

ताणामुळे केस गळतात, हे आपण ऐकतो. केस गळण्यानेही ताण येतो, आणि दोन्ही एकमेकांना पोसतात, हे फारसे कुणी सांगत नाही. ‘टेन्शन घेऊ नको’ हा जगातला सर्वांत निरुपयोगी सल्ला आहे. मीही तो तरुणपणी पुष्कळ वाटला. ताण हा झोपेच्या तासांत, घरातल्या कामाच्या वाटणीत आणि पैशांत असतो. उपायही तिथेच करावे लागतात. बाळंतिणीला सलग चार-पाच तास झोप मिळाली तर तिचे अर्धे दुखणे हलके होते. त्यासाठी रात्री पाजून झाल्यावर बाळाला ढेकर काढणे, दुपटे बदलणे, खांद्यावर फिरवणे ही कामे दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवीत. पुरुष वाचकांनी इथे पान उलटू नये. ही कामे करायला दुधाची गरज नसते.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात रडू येणे, मन भरून येणे सर्वसाधारण आहे. ते दोन आठवड्यांत मावळते. त्यापुढेही उदासी राहिली, कशातच रस वाटेना, बाळाबद्दल माया वाटत नाही याची लाज वाटू लागली, किंवा आपण नसलेले बरे असे विचार येऊ लागले, तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये भारतातील अनेक अभ्यास एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सुमारे २२ टक्के मातांत तो आढळला. १९८७ मध्ये एडिंबरोत तयार झालेली दहा प्रश्नांची सोपी प्रश्नावली आजही त्याच्या चाचपणीसाठी वापरली जाते. पाच मिनिटे लागतात, पण ती पाच मिनिटे आईला एकटीला द्यावी लागतात. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत. मोकळेपणी बोलायचे असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे, मराठीतही. आणि आई रात्र रात्र झोपत नसेल, नसलेले आवाज ऐकत असेल, विचित्र संशय घेत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घडीला रुग्णालय गाठा, बाळाला तिच्याजवळ एकटे ठेवू नका.

या जिल्ह्यात बाळंतिणीच्या ताणाविषयी लिहिताना ९ जानेवारी २०२१ ची रात्र आठवल्यावाचून राहत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. बाळ गेले तरी शरीराचे बाळंतपण संपत नाही. दूध येते. चौथ्या महिन्यात केस गळतात. ज्या घरात पाळणा रिकामा झाला आहे, मग कारण कोणतेही असो, तिथली स्त्री हे सगळे कुणाला दाखवू शकत नाही, कारण तक्रार करायला तिच्या हातात निमित्तही नसते. तुमच्या नात्यात, आळीत अशी कुणी असेल तर तीन-चार महिन्यांनी एकदा तिच्याकडे अवश्य जा. भेटीला येणारे लोक तोवर येईनासे झालेले असतात.

आरोग्यव्यवस्थेचेही काहीसे असेच आहे. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या गृहभेटी बेचाळिसाव्या दिवशी पूर्ण होतात. केस गळू लागतात नव्वदाव्या दिवसाच्या पुढे. सुदैवाने तिसऱ्या महिन्यात बाळाच्या वाढीसाठी त्यांची पुन्हा एक भेट ठरलेली असते, नंतर सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. ही भेट बाळाची असली तरी त्या वेळी आईने स्वतःविषयी विचारायला हरकत नाही. गोळ्यांची आठवणही तेव्हाच करावी.

तपासणीला थांबू नये अशा खुणा थोडक्यात: रुपयाएवढे गुळगुळीत चट्टे पडणे, खाज, खपल्या किंवा पू, भांग दर महिन्याला रुंद होत जाणे, गळतीबरोबर पाळी फार जाणे किंवा धाप लागणे, आणि बाळ सव्वा वर्षाचे झाले तरी गळती तशीच असणे.

त्या तरुणीचे हिमोग्लोबिन ८.६ निघाले. थायरॉईड ठीक होते. सिकलसेलच्या चाचणीत ती वाहक असल्याचे कळले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, जेवणात डाळ आणि अंडी आली. रात्रीच्या एका पाळीला बाळाला सांभाळायचे सासूबाईंनी मान्य केले. सुरुवातीला नाखुशीने, मग नातीचा लळा लागल्याने. पाजणे पुन्हा सुरू व्हायला दहा-बारा दिवस लागले. दर पंधरा दिवसांनी आमच्या समुपदेशक ताईंशी ती एकटीने बोलते, हेही ठरले.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा आली होती. बाळ सात महिन्यांचे, दोन दात आलेले. हिमोग्लोबिन १०.४. पिशवीतून थैली निघाली नाही. कपाळावरच्या बोटभर आखूड केसांकडे बोट दाखवून ती म्हणाली, हे खाली बसतच नाहीत. नवऱ्याची सिकलसेल तपासणी अजून व्हायची आहे. धानाची कापणी झाली की येतो, असा निरोप त्याने पाठवला आहे.